डेपोच्या वजनकाट्यावर

"अहो, टेम्पोवाल्या बाई! उतरताय कुठे? बसा आधी परत!"

कचरा डेपोच्या वजनकाट्यावर कुणीतरी माझ्यावर असं खेकसलं आणि माझं टाळकंच सटकलं. एक तर आमचा ड्रायव्हर तापाने फणफणलेला, म्हणून टेम्पो मीच हाणत आणलेला. आमच्या गाद्या-सोफ्यांच्या कारखान्यातला फोमचा उरलासुरला ढीग नुकता टाकून आलेली. नाकातोंडात धूळ. आणि हा कोण लागून गेला मला दटावणारा?

केबिनच्या खिडकीतून एक मान बाहेर आली. विस्कटलेले केस, चष्मा आणि हसू दाबताना गालावर पडलेली खळी.

"भरल्या गाडीचं वजन केलं तेव्हा तुम्ही आत होतात," तो म्हणाला. "आता रिकामीचं करायचंय, तर तुम्ही खाली. म्हणजे तुम्हालाही कचऱ्यात टाकून आल्यासारखं होईल. तेवढे पैसे जास्त लागतील."

"लागू देत की! किती लागतील?"

"ते..." तो चक्क लाजला. "ते काटा सांगेल. मी कसं सांगू?"

मी निमूट आत जाऊन बसले. गाल मात्र तापले होते... उन्हाने असतील.

ड्रायव्हर बरा झाला, तरी दर मंगळवारची डेपोची फेरी मीच मारायला लागले. मला लहानाची मोठी केली ती माझ्या आत्याने. कारखान्यातली शिलाई तीच बघते आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "कचरा टाकायला पावडर लावून जाणारी तूच पहिली गं बाई," ती म्हणाली.

आता काय सांगणार तिला! त्या खिडकीशी काही फार मोठं बोलणं व्हायचं नाही.

"तुमच्या केसांत फोम... नाही, डावीकडे... जरा वर—"

त्याचा हात खिडकीबाहेर यायचा आणि अर्ध्यातून मागे जायचा. मी मुद्दाम भलतीकडेच चाचपडायची. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खायचा.

मग एका मंगळवारी केबिनवर नवा दरफलक दिसला. डेपो भरत आलाय, म्हणून टनामागचा दर दुप्पट. फलक त्यानेच लावला होता बिचाऱ्याने. त्या दिवशी त्याने माझ्याकडे धड पाहिलंही नाही.

कारखाना घराला लागूनच. नवा दर ऐकून बाबांनी कात्री खाली ठेवली. "टाकायलाच इतकं द्यायचं, तर शिवायचं कशाला? या महिन्यात कुलूप लावतो." जेवायला बसले आणि ताटावरून तसेच उठले. कापड कापण्यात सगळा जन्म ज्या टेबलापाशी गेला, तिकडे त्यांना बघवेना. मलाही.

पुढच्या फेरीला मी त्याला एवढंच सांगायला गेले, "आमचा कारखाना बंद..." आणि डोळे भरून आले. फार राग आला मला स्वतःचा.

तो म्हणाला, "व्यायामशाळेच्या मॅट बनवणारे एक जण आहेत. फोमचा चुरा करून, दाबून बनवतात. तुकडे फुकट नेतात, तेही स्वतःच्या गाडीने. फक्त कापड चिकटलेलं चालत नाही. गाड्यांच्या सीट बनवणारे आधी इथेच टाकायचे, आता ते सगळं त्यांनाच देतात." आणि त्याने मला फोन नंबर लिहून दिला. मॅटवाल्यांचा हो! स्वतःचा नाही.

परतताना अर्ध्या वाटेत माझी ट्यूब पेटली. आता डेपोला यायचं काही कारणच उरणार नव्हतं. आणि हे त्याने किती सहज सांगून टाकलं! नकोच होते की काय मी त्याला?

बाबा आधी ऐकेचनात. "कापड गोंदाने नाही चिकटवायचं? कडा सुटतील!"

"मी शिवून देते," आत्या म्हणाली. "बघू कुठली कड सुटते ती."

एकही सुटली नाही. मॅटवाल्यांची गाडी येऊ लागली, बाबा पुन्हा ताटभर जेवू लागले. सगळ्यांचं छान झालं. माझंच मेलं मन कशात लागेना.

आणि एके दिवशी दारात तो! डेपोचाच शर्ट अंगात. बाबा धडपडत उठले आणि आत्याला म्हणाले, "ताई, चहा टाक! या साहेब, तपासा. सगळं नियमाने आहे आमचं." त्याला बोलूच न देता त्यांनी एकेक पोतं उघडून दाखवलं. तोही बापडा प्रत्येक पोत्यात वाकून बघत होता. मला हसू की रडू, कळेना.

"आता कसली फी लावताय?" बाबांनी शेवटी विचारलं.

"फी नाही... यांची गाडी यायची बंद झाली, म्हणून पावतीवरचा पत्ता शोधत आलो."

"म्हणजे? कचरा न टाकल्याचाही दंड आहे?"

"दंड मलाच झालाय," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "मॅटवाल्यांचा नंबर मीच दिला, आणि आता मीच फाटकाकडे डोळे लावून बसतो."

आत्याचं मशीन थांबलं. मी अशी भडकले!

"मग सांगताना कळत नव्हतं का, की मी यायची बंद होईन?"

"कळत होतं की. पण तुम्ही रडत होतात... गप्प कसा बसणार?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. बाबा समोर होते, कारागीर कान टवकारून होते, असू देत. मी म्हणाले, "दर मंगळवारी मी किल्ली घेऊन टेम्पोपाशी जाते. कुठे जायचं ते कळत नाही, मग परत येते. फार आठवण येते तुमची."

बाबांनी उघडलेलं पोतं हातातच धरलं होतं. "म्हणजे... हे साहेब नाहीत?"

"नाहीत रे," आत्या म्हणाली. "तुझा कारखाना वाचवणारे ते हेच."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग पोतं बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, नुसता चहा नको. यांचंही ताट वाढ."