कोरा धोरा

शेकोटीत दोन काटक्या टाका, आणि मोबाइल ठेवा खिशात. पहाटे तुम्हा सगळ्यांनाच गाड्या काढायच्या आहेत, ठाऊक आहे मला. कॅमेरेवाले साहेब चार वाजता हॉटेलच्या दारात उभे असतात. आपण पाच मिनिटं उशिरा पोचलो, की सूर्य आपणच उगवू दिला नाही अशा तोंडानं गाडीत बसतात. पण मघाशी फुसाराम विचारत होता ना, वीसोरीच्या धोऱ्यावर, त्या वाळूच्या टेकडीवर, आपल्यातला कुणी गाडी का नेत नाही म्हणून? मग ऐका. ऐकीव सांगत नाही. ज्याच्यावर गुदरलं तो खंगार चौदा वर्षं किल्ल्याच्या दरवाजाखाली माझ्या शेजारी गाडी लावायचा. त्यानंच सांगितलं, आणि एकदाच सांगितलं.

गेल्या सालची गोष्ट. दिवाळीनंतरची पहिली अमावस्या, शनिवारची रात्र. काम साधंच होतं. कलकत्त्याचे मृगांकबाबू म्हणून एक निवृत्त मास्तर आले होते. डोक्याला माकडटोपी, गळ्यात तीन कॅमेरे, आणि पिशवीत बायकोनं दिलेला संदेश मिठाईचा डबा. त्यांना एका दिवसाची फेरी हवी होती: अंधारात ताऱ्यांखालचा धोरा, उजाडताना धोरा, दुपारी उंटांची पाणपोई आणि रात्री परत जैसलमेर. अट एकच होती. वाळूवर एकही पाऊल दिसता कामा नये.

आता अशा कामाला खंगारशिवाय दुसरं कोण? धोरा संध्याकाळपर्यंत माणसांनी तुडवून तुडवून चिखलाच्या गोठ्यासारखा झालेला असतो. सगळे पर्यटक गेले, की खंगार खिंपाच्या झुडपाच्या काड्यांचा लांब झाडू घेऊन वर चढायचा आणि मागे मागे येत सगळी वाळू झाडून काढायचा. रात्री वाऱ्यानं तिच्यावर बारीक लहरी उमटायच्या. सकाळी बघावं तर जग निर्माण झाल्यापासून इथे कुणी फिरकलंच नाही! 'खंगारचा कोरा धोरा' म्हणून दिल्ली-मुंबईचे साहेब फोन करून विचारायचे.

आणि हा खंगार कुणाचा पोरगा? मालोजी पागीचा. तुम्ही आजकालची पोरं, पागी तुम्हाला काय माहीत. वाळूतलं पाऊल बघून मालोजी सांगायचे, बाई आहे, पोटुशी आहे, डोक्यावर घागर आहे, आणि चिडून चालली आहे. चोरीचा उंट चाळीस कोस गेला तरी त्याच्या मागे जायचे. पोलीस घरी गाडी पाठवायचे. त्यांचा एक नेम होता. माग हरवला, तर शेवटच्या पावलापाशी काठी रोवायची आणि तिथंच बसायचं. उजाडेपर्यंत हलायचं नाही. हललात तर होता तो मागही तुडवाल.

मुलाचा धंदा त्यांना अजिबात रुचत नव्हता.

"पावलं पुसून पोट भरणारा पागी जगात पहिला तूच रे," ते म्हणायचे.

"बापू, साहेबांना नुसती वाळू हवी असते. माणसं नकोत."

"मग पोतंभर घरी पाठवून दे. ओतून घेतील बैठकीत आणि बसतील बघत."

खंगारची आई गवरीबाई हसायची. घर हसतं होतं तेव्हा.

मग मालोजींचं डोकं हळूहळू विसरायला लागलं. चाळीस वर्षांपूर्वीचा एक चोरीचा उंट त्यांना सापडला नव्हता. तो शोधायला ते दुपारी काठी घेऊन निघायचे आणि अंधार पडता पडता आपल्याच पावलांवरून परत यायचे. डोकं विसरलं होतं, पण पाऊल वाचायचं विसरलं नव्हतं. म्हणून घरचेही निर्धास्त होते.

त्या अमावस्येच्याही तीन वर्षं आधी, होळीच्या अलीकडच्या आठवड्यात, खंगार संध्याकाळी धोरा झाडायला गेला. मागच्या उतारावर बोरीचं झुडूप आहे, तिथून सुरुवात करायचा आणि माथ्यावरून पुढच्या पायथ्याशी उतरायचा. झाडू टेकवला आणि त्याला पावलं दिसली. डावा पाय ओढलेला, अंगठा आत वळलेला, शेजारी काठीचं भोक. धोऱ्यावरून पलीकडे गेलेली होती. परतलेली नव्हती.

त्यानं ओळखली. स्वतःचं नाव ओळखावं तशी ओळखली. खाली गाडीत परतायची घाई झालेले दोन साहेब हॉर्न वाजवत होते. त्याला वाटलं, येतील बापू, रोज येतात. आणि त्यानं झाडून टाकली.

मालोजी आले नाहीत. रात्री वारा सुटला. तो असा सुटला की सकाळी धोऱ्याजवळच्या त्यांच्या वस्तीतल्या दारांना गुडघाभर वाळू लागली होती. तीन गावांचे म्हातारे पागी जमले. त्यांतल्या थोरल्यानं खंगारला विचारलं, "काल संध्याकाळी तू धोऱ्यावर होतास. काही पाऊल होतं का?"

गवरीबाई शेजारी उभी होती. खंगारनं तिच्याकडे पाहिलं.

"नव्हतं," तो म्हणाला.

एवढा एकच शब्द. त्या शब्दावर माणसं आठ दिवस सडकेच्या बाजूला शोधत राहिली. धोऱ्यापलीकडे कुणी गेलंच नाही. खंगार एकटा रात्री-अपरात्री जाऊन यायचा, पण वाऱ्यानं उलथलेल्या वाळूत काय सापडणार? अग्नी नाही, अस्थी नाहीत. गवरीबाईनं बांगड्या उतरवल्या नाहीत, आणि रोज संध्याकाळी ताटात एक भाकरी झाकून ठेवायची. सकाळी ती भाकरी खंगार गाईला घालायचा. तीन वर्षं घातली त्यानं. कुठे आहेत बापू, एवढंच त्याला हवं होतं. तोंडातून निघालेला तो शब्द मात्र परत घेता येत नव्हता.

तर, ती अमावस्या. दोघं चार वाजून दहा मिनिटांनी शहरातून निघाले, पाचच्या आत धोऱ्यापाशी पोचले. धोरा आदल्या संध्याकाळी झाडलेला. थंडी अशी की तोंडातून शब्दाआधी वाफ निघावी. मृगांकबाबूंनी पायथ्यापासून दूर तिकाटणं लावलं. अंधारातला फोटो, त्याला अर्धं मिनिट लागतं. कॅमेरा उघडा ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. पहिला फोटो झाला. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

"खंगारभाई, तुम्ही मला फसवलंत."

"काय झालं साहेब?"

"कोरा म्हणाला होतात ना? मग हे काय?"

खंगारनं वाकून पाहिलं. वर ताऱ्यांचा सडा, खाली फिकट धोरा. आणि उजव्या कडेला, अगदी पायथ्याशी, पाच-सहा पावलं.

"कुत्रं गेलं असेल," तो म्हणाला आणि विजेरी घेऊन गेला. वाळू गुळगुळीत होती. कुत्रं नाही, किडा नाही, काही नाही.

"साहेब, काच पुसा तुमची. इथं काही नाही!"

मृगांकबाबूंनी काच पुसली. दुसरा फोटो घेतला. पडदा डोळ्यांजवळ नेला.

"ओ मा..." म्हणाले. "खंगारभाई, इकडे या."

पावलं आता अर्ध्या चढावर होती. डावा पाय ओढलेला. अंगठा आत. शेजारी काठीचं भोक.

खंगारनं त्यांचा हात धरला. "साहेब, फोटो काढत राहा."

"नको हो. चला परत. मी म्हातारा माणूस आहे..."

"तुमच्या पाया पडतो साहेब. काढत राहा. आणि मला सांगा, कुठे जातात. मला दिसत नाहीत."

तो चढायला लागला. अनवाणी. खालून मृगांकबाबूंचा आवाज यायचा, मध्ये अर्ध्या अर्ध्या मिनिटाची शांतता.

"डावीकडे!"

शांतता.

"सरळ. थांबलेत... नाही, निघाले. सरळ!"

शांतता.

"तुमच्या पुढे आहेत. चार हात."

खंगारनं विजेरी मारली. चार हातांवर वाळू होती. नुसती वाळू.

"बापू?" तो म्हणाला.

शांतता. बरीच.

"खंगारभाई... माथ्यापलीकडे गेले. आता मला दिसत नाही."

खंगार माथ्यावर उभा राहिला. मागे साहेब. पुढे अंधार. विजेरी पिवळी पडली. मग विझली. तो गुडघ्यांवर बसला. रात्री माग कसा काढायचा ते बापूंनी लहानपणी शिकवलं होतं. डोळे मिटायचे. तळहात वाळूवरून फिरवायचा. हळू... दुधावरची साय चाचपावी तसा.

हाताला खळगा लागला.

टाच. मग अंगठा. आत वळलेला. त्यापुढे आणखी एक. डोळ्यांना नव्हतं ते हाताला होतं. तो रांगत उतरला. एक पाऊल. एक पाऊल. ती लांब गेली, फिरली आणि परत वळली... घराकडे वळली. खंगारला रडू फुटलं. बापू परत येत होते. आपल्याच पावलांवरून, तळहातानं चाचपत, रोजच्यासारखे परत येत होते.

मग पावलं संपली.

हात पुढे केला. बोरीचा काटा बोचला.

तेच झुडूप. जिथं त्यानं त्या संध्याकाळी झाडू टेकवला होता. तिथपर्यंत बापूंना माग होता. त्यापुढे... झाडलेली वाळू.

तो हलला नाही. फटफटलं तेव्हा झुडपाच्या बुडाशी त्याला काठी दिसली. उभी. नीट रोवलेली. काल झाडताना तिथं नुसती वाळू होती; तीन वर्षं धोरा सरकत होता आणि त्या रात्री पोटातलं उघडं पडलं होतं. काठीला टेकून पागोटं होतं. पागोट्याखाली मालोजी बसलेले होते, जेवढे उरले होते तेवढे. तोंड घराकडे. माग हरवला तर तिथंच बसायचं, उजाडेपर्यंत. मागून वारा आला, वाळू आली, तरी तो माणूस नेमाला चुकला नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. मृगांकबाबूंनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खंगारच्या हातात ठेवलं. म्हणाले, "मी ते पुन्हा बघणार नाही. तुमचं आहे, तुम्ही ठेवा." खंगारनं ते चितेत टाकलं.

अग्नी देऊन घरी आल्यावर मुंडण केलेल्या डोक्यानं तो आईसमोर बसला आणि सगळं बोलला. पावलं दिसली होती, ओळखली होती, झाडली होती, आणि नव्हतं म्हणून सांगितलं होतं.

गवरीबाईनं ऐकून घेतलं. मग एकेक बांगडी उतरवली. पोराला बोल लावला नाही, शिवी दिली नाही. नुसतं बोलणंच टाकलं. त्याचं ताट शेजारणीच्या हाती बाहेर पाठवायची. खंगार गल्लीत गाडीतच झोपायचा, काचा वर करून, आतून कुलूप लावून. दिवसा मी त्याच्याजवळ बसायचो. तो म्हणायचा, "काका, आईनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी मी जगलो असतो."

बाराव्या रात्री आपल्याकडे करतात तसं केलं. मालोजी जिथं झोपायचे तिथं परातीत बाजरीचं पीठ पसरलं, सारखं केलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते पिठात उमटतं म्हणतात. गवरीबाईनं दाराला आतून कडी घातली आणि उंबऱ्याला पाठ लावून रात्रभर बसली.

सकाळी आम्ही चार-पाचजण जमलो. कडी तशीच होती. तिनं टोपली उचलली. पिठात ना पक्ष्याचं पाऊल, ना मुंगीची रेघ. फक्त मधोमध मूठभर पीठ कमी होतं.

गवरीबाई उठली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा पोराकडे गेली. आम्ही मागोमाग. गाडीच्या काचा वर होत्या, दारं आतून बंद, काचेवर दव. तिनं ओढणीनं दव पुसलं आणि आत पाहिलं. मग मला खुणेनं बोलावलं.

खंगार मान खाली घालून गाढ झोपला होता, कितीतरी दिवसांनी माणसानं झोपावं तसा. त्याच्या तासलेल्या डोक्यावर, टाळूवर, बाजरीच्या पिठाचा पंजा उमटलेला होता. उजवा. पाचही बोटं. आशीर्वाद देताना थोरला माणूस ठेवतो, तसा.