बर्फावरून हळू येणारी गाडी

“सीटबेल्ट लावून आलात? अख्खा समुद्र ओलांडून?”

मारिकाने काच ठोठावली तेव्हा गाडीतल्या तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला होता. हिवाळ्यात एस्टोनियाचा समुद्र गोठला की बेटावर यायला थेट बर्फावरून रस्ता सुरू होतो, आणि त्याच्या बेटाकडच्या टोकाला मारिका पहाऱ्यावर असे. पट्टा सोडायचा, दारं लॉक करायची नाहीत. बर्फ फुटलाच तर झटकन बाहेर पडता आलं पाहिजे. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे महाशय मात्र स्वतःला घट्ट बांधून आले होते.

“पट्ट्याचा कायदा आहे ना,” तो म्हणाला.

“तो जमिनीवर. इथं समुद्राचं चालतं.”

तो हसला. दात वाजत होते, तरी हसला... आणि मारिकाला उगीचच बरं वाटलं.

त्याचं नाव इंद्रेक. तार्तू शहरातला, चर्चमधले शेकडो नळ्यांचे जुने ऑर्गन दुरुस्त करणारा. बेटावरच्या चर्चचा ऑर्गन मुका झाला होता, म्हणून तो दर शनिवारी येऊ लागला. संध्याकाळ व्हायच्या आत परतताना त्याला नियम ऐकवणं हे मारिकाचं काम.

“वाटेत थांबायचं नाही. पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. वेग एक तर अगदी हळू, नाहीतर चांगला जोरात. मधला नको, त्यानं बर्फाखाली लाट उठते.”

“अगदी हळू म्हणजे किती?”

“मागच्या शनिवारी सांगितलं होतं.”

“विसरलो.”

“ऑर्गनच्या एवढ्या नळ्या बऱ्या लक्षात राहतात!”

“त्या माझ्याकडे अशा बघत नाहीत.”

मारिकाने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. लाज झाकायला तेवढाच आधार.

एकदा तिला पलीकडे दंतवैद्याकडे जायचं होतं. इंद्रेकने गाडीत घेतलं आणि गाडी अशी काही हळू सोडली की मागच्या सगळ्या गाड्या वळसा घालून पुढे गेल्या.

“जोरात घ्या ना. सगळे तसेच जातात.”

“मला घाई नाही,” तो म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता.

मध्यावर वाऱ्याने बर्फावरचा भुसभुशीत थर झाडून नेला होता. उरला होता काचेसारखा स्वच्छ बर्फ, त्याखाली काळंहिरवं खोल पाणी, आणि बर्फात वर येता येता तसेच गोठलेले पांढरे बुडबुडे. तेवढ्यात तो आवाज झाला. क्षितिजापासून निघालेला, लांबलचक, घनगंभीर... गाडीखालून गेला आणि दुसऱ्या क्षितिजाला विरला. बर्फ ताणला जात होता, एवढंच. मारिका हे जन्मापासून ऐकत आली होती. पण इंद्रेकचे डोळे भरून आलेले पाहिले आणि तिच्याही अंगावर सर्रकन काटा आला. आपण एवढ्या अफाट गोष्टीवर राहतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मार्चमध्ये बर्फावर पाणी साचू लागलं. ऑर्गन गाऊ लागला होता, इंद्रेकचं काम संपलं होतं. त्या दुपारी वरून फोन आला, शेवटची गाडी सोडा आणि रस्ता बंद करा. शेवटची गाडी त्याचीच होती. त्याला परत यायला आता कारणच उरणार नव्हतं.

बेटावरच्या माणसांना मनातलं बोलायला अख्खा हिवाळा लागतो. मारिकाचा तर संपलाच होता.

“वाटेत थांबायचं नाही,” तिने सुरुवात केली. “पुढच्या गाडीला...”

“पुढे गाडीच नाही,” तो हळूच म्हणाला. “सांग ना, मारिका.”

“जाऊ नकोस — एवढंच आहे. मला तू हवा आहेस. इथं, माझ्याजवळ.”

समोर ओल्या बर्फात सगळं आभाळ उतरलं होतं. वर कुठलं आणि खाली कुठलं, कळत नव्हतं. इंद्रेकने एकदा तिकडे पाहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं.

“मी थांबलो, तर गाडी परत न्यायला बोट कधी मिळेल?”

“बर्फ वितळल्यावर. महिनाभराने... कदाचित जास्तच.”

“एवढ्यात?” तो म्हणाला, आणि खाली उतरून रस्ता अडवायच्या लांब दांड्याचं दुसरं टोक त्याने उचललं.