आखूड पाऊल

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून काकूला दुपारी घेऊन गेलो. काकांचा डबा आणि चपला कपाटातून काढून तिच्या हाती द्यायच्या, एवढंच काम होतं.

काका खोकी वाहून नेणाऱ्या साखळीला तेल द्यायचे. मी त्याच शेडचा इंजिनिअर. मी सगळ्यांना पढवायचो : साखळीच्या दोन खिळ्यांमधलं अंतर म्हणजे पिच. ते ठरलेल्या मानकाचं असलं की कुठल्याही देशातली कडी आणा, चाकाच्या दात्यांत नीट बसते. केसभर चुकलं तर साखळी दात्यांवर चढते, तुटते. काकांचा डावा पाय आखूड. ते हसून म्हणायचे, "आमच्या पायांचाच तेवढा पिच चुकलाय."

आणि एकदा एक कडी झिजली, योग्य कडी यायला एक दिवस होता, तर मलाच धीर धरवेना. दुसऱ्या मानकाची बसवली. डोळ्यांना सारखीच दिसली. साखळी तुटली तेव्हा काका खाली होते; जागीच गेले. चालू मशीनखाली शिरले, त्यांचाच हलगर्जीपणा, असं सगळे म्हणाले. सोमवारी चौकशीत मला तेच सांगायचं होतं, किंवा खरं सांगायचं होतं.

शेडमध्ये थंड तेलाचा वास कोंडला होता. काकू नव्या साखळीपाशी थांबली.

"तू होतास ना तिथं... हे खरंच न बघता खाली शिरले का रे?"

तेवढ्यात ऐकू आलं. खट्... मग जरा लवकरच, खट्. एक लांब, एक आखूड. मेन स्विच बंद होता. साखळी हलत नव्हती.

काकूचा हात माझ्या दंडावर आला. "ह्यांचं पाऊल..."

"नवी साखळी आहे, काकू. ताण बसेपर्यंत वाजते." मग पुढचंही बोललो. "आणि काका... न बघताच शिरले."

आवाज थांबला. काकू "बरं" म्हणाली आणि डबा-चपलांची पिशवी घेऊन निघाली. तीच लांब-आखूड पावलं तिच्यामागे दारापर्यंत वाजत गेली. तिथून वळली, आणि सावकाश माझ्याकडे आली.

चौकशीतही मी तेच सांगितलं.

तेव्हापासून माझा डावा पाय आखूड पडतो. टेप लावून मोजलं. दोन्ही पाय तंतोतंत सारखे.

काल काकूकडे गेलो. जिना चढत होतो, तोच बेल वाजवायच्या आधी तिने दार उघडलं. चेहरा उजळलेला. माझ्या खांद्यावरून मागे बघत हळूच म्हणाली,

"या... दोघंही आत या."