सरावतळाचे जुने बूट

"अंगठा भिंतीला टेकव आणि वजन टाक," नझीर मुलाणी सर म्हणाले. केतकीनं तसं केल्यावर त्यांनी तिच्या टाचेमागे बोट घालून पाहिलं. बोट सहज आत गेलं. "पोकळ आहे. टाच अडकवायची वेळ आली की हा बूट भिंतीवर राहील आणि तू खाली येशील. दुसरा घाल."

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या गोदामात सरांची चढाईची भिंत होती. लाकडी फळ्यांवर रंगीत पकडी ठोकलेल्या, खाली जाड गाद्या, आणि दारापाशी वापरलेल्या बुटांचं कपाट. केतकी ढोबळे गेली दोन वर्षं भाड्याच्या ढिल्या बुटांत चढत आली होती. महिन्याभरावर राज्य संघाची निवड चाचणी होती आणि आता स्वतःचे बूट घेणं भागच होतं. औषधाच्या दुकानातल्या नोकरीवर नवे घेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघं कपाट उपसत बसली होती.

शेवटी दोन जोड उरले. एक साधा, सपाट तळव्याचा, चामड्याचा. सरांना तोच पसंत होता. "आज चावेल, पण चामडं सैल होतं. बोटं जरा दुमडली पाहिजेत, कळवळली नाही पाहिजेत. रोज तीन-तीन तास घालायचाय तुला."

दुसरा जोड निळा होता आणि त्याला सरावतळ होता. बुटाच्या रबरात केसाहून बारीक धाग्यांची जाळी असायची. पाऊल कुठे, किती जोरानं, कोणत्या कोनात टेकलं ते ती टिपून ठेवायची. पुढच्या वेळी पाय चुकतोय असं वाटलं की धागे आखडायचे आणि चवड्याला हलकासा ओढा द्यायचे. बूट हळूहळू चढणाऱ्याचा सराव शिकायचा आणि तो त्यालाच परत शिकवायचा. स्पर्धेत त्याला परवानगी मिळाल्यापासून वरच्या फळीतल्या सगळ्यांच्या पायांत हेच दिसत होते.

"ह्याची किंमत साध्याएवढीच कशी?" केतकीनं विचारलं.

"जुना आहे. आतलं आधीच्या माणसाचं पुसून देतात म्हणे. पुसलंय की नाही कोण बघतं?" सरांनी चामड्याचा जोड तिच्याकडे सरकवला. "माझं ऐकशील तर साधा घे."

केतकीनं निळा घेतला.

पहिल्याच दिवशी ती पिवळ्या पकडींच्या त्या मार्गावर गेली, जिथून ती आजवर दर वेळी घसरली होती. मधल्या उतरत्या फळीपाशी तिचा डावा पाय नेहमीच्या पकडीकडे निघाला, तेवढ्यात बुटानं त्याला ओढलं. बाजूच्या, करंगळीएवढ्या उंचवट्यावर पाय आपणहून टेकला. तिथे पाय ठेवायचं तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. कंबर भिंतीला चिकटली, हात हलके झाले, आणि ती वर पोहोचली. खाली मुलं टाळ्या वाजवत होती. केतकीला मात्र आनंदाआधी भीती वाटली. कुणीतरी कोपराला धरून रस्ता ओलांडून द्यावा, आणि वळून पाहावं तर तिथे कुणीच नसावं, तसं काहीसं.

दोन आठवड्यांत तिची चढाई इतकी बदलली की सरांनी बोलणंच कमी केलं. दुकानात काउंटरमागे उभी असताना तिचे पाय चुळबुळ करायचे. जिना चढताना डावा पाय आडवा पडायचा. रात्री अंथरुणात बोटं आखडायची. आईनं एकदा विचारलं, "अगं, अशी काय चालतेस?"

एका संध्याकाळी ती भिंतीवरून उतरली, तेव्हा गादीच्या कडेला कुबडी टेकवून एक चाळिशीची बाई उभी होती.

"डावा पाय टेकवण्याआधी टाच आत वळवतेस," ती म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. असंच."

"असंच नाही. मला ते जमायला पाच वर्षं लागली." तिची नजर निळ्या बुटांवर होती. "मी अनघा निकम. हे माझे बूट आहेत. म्हणजे, होते."

केतकी एकदम मागे सरली. "मी विकत घेतलेत ताई."

"माहीत आहे. मी दवाखान्यात असताना भावानं घरातलं चढाईचं सगळं सामान विकलं. मला त्रास नको म्हणून. विचारत विचारत इथवर आले." अनघाताई बाकावर बसल्या. त्यांचा डावा पाय त्यांनी हातानं उचलून जवळ घेतला. मज्जारज्जूला सूज आली होती, त्यांनी सांगितलं. उजवा पाय परत आला, डावा आला नाही. पुण्याच्या दवाखान्यात पायाला चालकपट्टे बांधतात. ते स्नायूंना ठरावीक क्रमानं झटके देऊन पाय उचलतात. पण दुसऱ्या कुणाचा क्रम घातला की अनघाताईंचा तोल जायचा. त्यांच्या स्वतःच्या पायाचा क्रम हवा होता, आणि तो आता एकाच ठिकाणी उरला होता.

"मग तेवढा काढून घ्या ना. बूट मला परत द्या," केतकी म्हणाली.

"तळ कापावा लागतो. बूट राहत नाही. आणि जाळीत जागा थोडी असते. नवी चढाई आली की जुनी जाते. तू चढतेस ना, तशी मी पुसली जातेय."

"चाचणी रविवारी आहे माझी!"

"म्हणूनच मागत नाहीये. फक्त सांगायला आले." त्या कुबडी सावरत उठल्या आणि हळूहळू दारापर्यंत गेल्या. तेवढं अंतर जायला त्यांना किती वेळ लागला, हे केतकीला बघवेना, आणि नजरही हलवता येईना.

पुढचे दोन दिवस तिला बूट घालता आले नाहीत आणि पिशवीतून काढूनही ठेवता आले नाहीत. तिला अनघाताईंचा राग आला, त्यांच्या भावाचा आला, न पुसता विकणाऱ्याचा आला. मग वाटायचं, एक रविवारच तर आहे. एका दिवसात असं किती पुसलं जाणार? हा हिशेब आपण करतोय हे लक्षात आलं आणि ती ताडकन उठली. सरांकडून पत्ता घेऊन तशीच अनघाताईंच्या घरी गेली, दार उघडताच पिशवी पुढे केली आणि त्या काही बोलायच्या आत जिना उतरली.

चाचणीला ती सरांच्या कपाटातले ते चामड्याचे साधे बूट घालून गेली. ते टाचेला चावत होते. अर्ध्या भिंतीवर तिचा पाय दोन पकडींच्या मध्ये घुटमळला. ओढा देणारं आता कुणी नव्हतं. ती पडली. संघात तिचं नाव आलं नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून रडली, आणि बूट दिल्याचा तिला मनापासून पश्चात्ताप झाला.

महिन्यानं अनघाताईंचा फोन आला. "पुण्याला येशील? पहिल्यांदा कुबडीशिवाय चालणार आहे. तू असावीस असं वाटतं."

दवाखान्यातल्या लांबट खोलीत दोन समांतर दांड्या होत्या. तंत्रज्ञ शिरीष बर्वे यांनी पट्टे आवळले आणि पडद्याकडे बघत ते म्हणाले, "कुबडी सोडा. दांडी धरा."

डावा पाय उचलला गेला. पुढे आला. टेकला. अनघाताई पडल्या नाहीत. दुसरं पाऊल, तिसरं. केतकीनं तोंडावर हात धरला. दांडीच्या टोकाशी अनघाताई थांबल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हा माझा पाय नाही," त्या म्हणाल्या. "मी कधी अशी घाई करत नव्हते. हा पाय कुठेतरी पोहोचायला धावतोय."

बर्व्यांनी मान हलवली. "जाळीत दोघींची नोंद मिसळलीय. बराचसा भाग हिचा आहे. तो वेगळा करून पुसता येईल. पण मग तुमचं जे उरेल, त्यावर पाय उचलला जाईलच असं नाही. पुसू?"

अनघाताईंनी खाली बघितलं. पट्ट्यांत आवळलेला पाय किंचित थरथरत होता, निघायला उतावीळ झाल्यासारखा. केतकीला तो थरकाप ओळखू आला. चाचणीआधीच्या त्या दिवसांत तिच्या आत जे होतं, तेच आता दुसऱ्या बाईच्या पायात उभं होतं.

"नका पुसू," अनघाताई शेवटी म्हणाल्या. त्यांनी एक हात दांडीवरून काढून केतकीचा दंड धरला. "पण हा मला घेऊन निघालाच, तर थांबवायचा कसा, ते तुला तरी माहीत आहे का गं?"