मागून येणारा ठोका

हामामात्सुच्या एका अरुंद गल्लीत हात्सुए मावशींची वाम माशांची खानावळ आहे, आणि तिच्या माळ्यावर तीन म्हाताऱ्यांचा रॉक बँड. म्हाताऱ्यांचा म्हटलेलं तोकिएला खपायचं नाही. ती अवघी एकसष्ट वर्षांची, आणि बेस गिटार खांद्याला लावून जिना चढताना अजून कठड्याला हात लावत नसे. दुसरी गिटार आणि गाणं वाकुईकडे, ड्रम तिच्या नवऱ्याकडे, गेन्झोकडे. शाळेत असल्यापासून तिघं दर रविवारी दोन वाजता जमायची. खालून भाजत्या वामीचा गोडसर धूर फळ्यांच्या फटींतून वर यायचा. वाकुई म्हणायचा, आपलं ऐकून टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण भूक सगळ्यांना लागली.

मे महिन्यात गेन्झो वाजवता वाजवताच गेला.

तोकिएने एकतीस वर्षं पियानोच्या कारखान्यात सूर लावले होते. तिच्या कानाला केसभर फरक सोसत नसे, आणि त्या हिवाळ्यापासून गेन्झोचा ठोका मागे पडू लागला होता. एवढासाच, पण दर खेपेला. मग ती बोलायची. तुझी वाट बघत बसले तर गाण्याला दाढीमिशा फुटतील, असं वाकुईदेखत बोलायची. तो हसून घ्यायचा. त्या रविवारी तिसऱ्या कडव्यात ठोके थांबले. गेन्झो ड्रमवर मान टाकून बसला होता. रुसला असेल, असं समजून ती आठ आवर्तनं तशीच पुढे वाजवत गेली. मुद्दाम जोरात.

आता ऑक्टोबर उजाडला होता. सोमवारी एका शाळेची गाडी येऊन ड्रम नेणार होती. वाकुईने ठरवलं, तोकिएने हो म्हटलं. म्हणून या रविवारी ती तासभर आधीच आली. तेच गाणं एकदा त्या ड्रमसमोर शेवटपर्यंत वाजवायचं, त्याला मागे टाकून पुढे न पळता, एवढंच तिला हवं होतं.

गुडघ्यांमध्ये बसणारा जो चपटा ड्रम, स्नेअर म्हणतात तो, त्याच्या खालच्या पुडीला बारीक तारांची जाळी टेकलेली असते. शेजारी बेस घुमला की ती जाळी आपोआप कर्रकर्र करते. म्हणून तालीम संपली की बाजूचा खटका पाडून जाळी सैल करून ठेवायची, ही ड्रमवाल्यांची रीत. गेन्झो चाळीस वर्षांत एकदाही विसरला नव्हता. मे महिन्यात तेवढं राहिलं, आणि नंतर त्या खटक्याला हात लावायचं कुणाला धैर्य झालं नाही.

तोकिएने तार छेडली. जाळी करकरली. तिने मान हलवली, बरोबर आहे.

मग गाणं सुरू केलं. एका आवर्तनात चार ठोके, चारही वेळा तोच सूर. जाळी दुसऱ्याला आणि चौथ्यालाच करकरली, गेन्झोची काठी स्नेअरवर पडायची त्याच दोन ठोक्यांना. पहिल्याला गप्प. तिसऱ्याला गप्प.

तिने सूर बदलला. दुसरा, चौथा. तिने आवाज अर्ध्यावर आणला. दुसरा, चौथा.

खालच्या यंत्राची थरथर वर येत असेल म्हणून ती खाली गेली आणि बर्फाचं यंत्र पाच मिनिटं बंद ठेवायला सांगून आली. मावशींनी बंद केलं, पण ऐकवल्याशिवाय नाही: मासे नासले तर रात्री तुझ्याच ताटात वाढीन, आणि वर तेच गाणं ऐकवीन.

वर येऊन तिने पुन्हा वाजवलं. दुसरा, चौथा. आणि या वेळी तिचा कारखान्यातला कान जागा झाला. ठोका बेसबरोबर पडत नव्हता. केसभर मागून येत होता.

तोकिएने हात थांबवले नाहीत. लय किंचित उतरवली. ठोका आणखी किंचित मागे सरकला. तिने आणखी उतरवली.

"ये सावकाश," ती म्हणाली. "आज मला कुठे जायचं नाहीये."

पहिलं कडवं संपायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्याचं तिने मोजलं नाही.

तिसरं कडवं आलं.

तिने पहिला सूर वाजवला आणि बोट तारेवर ठेवून बसली.

खालचा धूर फटीतून वर आला, छताला लागला, पसरला.

कर्र.

तिने पुढचा सूर वाजवला.

दोन वाजता वाकुई आला तेव्हा ती तशीच बसलेली होती, डोळे स्नेअरवर, गालांवरून पाणी वाहतंय. त्याने काय झालं विचारलं. तिने हात वर केला.

"थांब. चौथा यायचाय."

वाकुई गिटारची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. बराच वेळ. मग ठोका आला, आणि तो भिंतीला टेकला. थोड्या वेळाने पुढे झाला, हळूच खटका पाडला, आणि जाळी सैल झाली.

"त्याला जाऊ दे आता," तो म्हणाला. "तू थांबलीस. त्याला कळलं असेल."

गाणं अर्ध्यावरच राहिलं. सोमवारी गाडी आली आणि ड्रम घेऊन गेली. तोकिए गल्लीच्या तोंडाशी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. त्या रात्री मे महिन्यानंतर प्रथमच तिला गाढ झोप लागली.

पुढच्या रविवारी ती बेसची राहिलेली जादा तार न्यायला आली. माळ्यावर सतरंजी, तिच्यावरचे ड्रमच्या पायांचे वळ आणि कोपऱ्यातली ती तार, बाकी काही नव्हतं. तार घेऊन ती जिना उतरली आणि खानावळीत डोकावली.

हात्सुए मावशी निखाऱ्यांपुढे उभ्या होत्या. वारा घालायचा कागदी पंखा त्यांनी वर उचलला होता आणि हात तिथेच राहिला होता. मासा एका बाजूने काळा पडत चालला होता.

"मावशी, जळतंय," तोकिए म्हणाली.

"कळतंय गं," मावशी वळून न बघता म्हणाल्या. "पण ठोका पडू दे की आधी."

वर कर्र झालं. पंखा खाली आला.