बारा दिवसांनी दिसणारं तळं

प्रियदर्शनीला त्या संध्याकाळी मिळून मिळून काय मिळणार होतं, तर जालना-अंबड गाडीत खिडकीची जागा. त्यासाठी तिनं बाहेरूनच ओढणी आत टाकली. चढून पाहते तर ओढणीवर एक रुमाल... आणि रुमालवाला बॅग धरून हसत उभा.

"रुमाल आधी पडलाय, मॅडम."

"मंग तो ओढणीच्या वर कसा?"

पुरावा पक्का होता. तरी खिडकी गेली त्यालाच. उद्या हिमालयात पोकलेन चालवायला निघालो, गावचा रस्ता शेवटचा पाहू द्या, असं तो इतक्या साळसूदपणे म्हणाला की ती सरकली. नाव मिथुन. पहाडाचं नाव त्यानं सांगितलं आणि ती दचकली. त्या पहाडातली दरी तिच्या रोजच्या कामातली होती.

जालन्यातल्या एका ऑफिसात बसून ती उपग्रहाच्या चित्रांवरून बर्फाळ डोंगरातली तळी मोजायची. बर्फ वितळला की तळं फुगतं. बांध फुटला की खालचं सगळं वाहून जातं. उपग्रह बारा दिवसांनी एकदा त्या दरीवरून जायचा, आणि गाडीत तिचा नंबर घेतलेल्या मिथुनचा फोनही नेमका त्याच दिवशी यायचा.

"दिसलो का?"

"तू काय, तुझा आख्खा कॅम्प दोन ठिपक्यांएवढा."

"त्यातला देखणा ठिपका माझा."

ती हसायची, पण आधी वरचं तळं मोजून घ्यायची. कॅम्प बराबर त्याच्याखाली होता.

मे महिन्यात एका सकाळी तिनं नवं चित्र उघडलं. रडारच्या चित्रात साचलेलं पाणी काळं दिसतं... आणि तळ्याचा काळा डाग दुपटीनं पसरला होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आकडा बाहेर द्यायचा नाही, हा ऑफिसचा नियम होता. तिनं तपासायला दिलं आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

त्याला आठवड्याभरात चार मशीनींचा मुकादम करणार होते. आता हललो तर जागा गेली, तो म्हणाला.

"मिथुन, खाली उतर."

"ऑफिस सांगतंय का तू?"

"मी."

पलीकडे मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "उतरून राह्यलो."

तो गावी पोचेपर्यंत त्याच्या जागेवर दुसरा माणूस बसला होता. तपासणाऱ्यानं शंका काढली, पण पक्कं कळायला पुढचं चित्र यावं लागलं. ते आलं, आणि तळं होतं तेवढंच होतं. काठचा बर्फ उन्हानं वरवर ओला झाला होता, आणि ओला बर्फही रडारला काळाच दिसतो. त्या दिवशीचं तापमान आधी पाहायचं, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. स्वतः मात्र विसरली, कारण त्या डागाखाली तिला एकच ठिपका दिसत होता.

आता तळ्यापेक्षा मोठी भीती समोर होती... त्याला सांगायचं कसं? लपवलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं. तो जन्मभर तिला जीव वाचवणारी म्हणून मिरवत राहिला असता. पण दरवेळी हसताना तिला तो डाग आठवला असता. जालन्याच्या स्टँडवर तिनं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

तो बाकावर बसला.

"म्हणजे मी उगंच आल्तो," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी चित्र बघून बोलली, का मला बघून?"

"तुला... तुलाच बघून. तिथं दुसरं कुणी असतं, तर मी तापमान पाह्यलं असतं."

अंबड गाडी लागली. मिथुन उठला, गर्दीत घुसला. गेला, असं तिला वाटलं. तो खिडकीखाली उभा राहिला आणि त्यानं आत रुमाल टाकला. मग मागे वळून हात पुढे केला.

"ओढणी दे. या बारीला खाली रुमाल, वर ओढणी."

खिडकीची जागा शेवटी प्रियदर्शनीला मिळाली. त्या जागेची किंमत मिथुननं मुकादमकी देऊन मोजली. पण त्या पोकलेनवर आता दुसरा कुणी बसतो, आणि त्याच्या फोनची वाट पाहणारंही कुणी असेलच. म्हणून दर बारा दिवसांनी, आधी तापमान पाहून, ती तळं उघडते. भीतीचा हप्ता अजून तीच भरते.