किनाऱ्यावरचे लोकरी हातमोजे

इल्झे आणि ग्रेडी पहिल्यांदा भेटले ते माझ्या डोनटच्या दुकानात, आणि भेटले ते भांडतच.

ऑक्टोबरची सकाळ होती. बाहेर बारीक, गार पाऊस. इल्झे डोनटचा खोका हातात धरून काउंटरशी उभी होती आणि मी फोनवर तिचे फोटो काढत होतो. ती विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातली. लॅटव्हियातून अमेरिकेत आलेली, सहा फूट दोन इंच. संघातल्या इथल्या मुली गावातल्या दुकानांच्या जाहिराती करून चांगलं कमवायच्या. मला वाटलं, हिलाच का मागे ठेवायचं? माझी बायको लोरीन गेल्यापासून दुकानाकडे लोकांचं येणंही कमी झालं होतं. मी तिच्यासाठी पाकिटात दोनशे डॉलर घालून ठेवले होते.

“ते पाकीट घेऊ नकोस,” रांगेतला एक चष्मेवाला मुलगा म्हणाला.

“का? तुला हवंय?”

“मी ग्रेडी. शिकता शिकता परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काम करतो. तुझ्या व्हिसावर इथे अशी कमाई चालत नाही. परत पाठवतील तुला.”

“माझ्या शेजारी खेळणारी मुलगी हेच करते!”

“ती इथलीच आहे.”

“मी तिच्यापेक्षा जास्त गुण करते.”

“माहितीये. मागच्या मोसमात शेवटच्या सामन्यात एकवीस.” तो थांबला. कान लाल झाले. “म्हणजे... ऑफिसात बोलत होते सगळे.”

इल्झेने पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि खुर्चीत बसली. म्हणाली, “शेवटच्या वर्षाच्या मुली आपल्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला आईवडिलांचा हात धरून येतात. तीन वर्षं मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवल्यात. यंदा माझी पाळी. आई तिकडे आमच्या गावी, लिएपायात, ट्राम चालवते. तिने मला इथे खेळताना एकदाही पाहिलं नाही. मला फक्त तिचं तिकीट काढायचंय.”

ग्रेडीने चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, “डोनट किती खाल्लेस?”

“तीन.”

“फुकट?”

“हो...”

“तेही कमाईतच धरतील. त्याचे पैसे दे.”

“अरे, राहू दे,” मी म्हणालो.

“नाही, मिस्टर डेलमार!” दोघं एकदम ओरडले. त्यांचं पहिलं एकमत ते.

पण एक फोटो मी आधीच दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकून बसलो होतो. हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा पांढरा पडला की आजही आठवतो. मी लगेच फोटो काढून टाकला. ग्रेडी तसाच पावसात विद्यापीठाच्या वकिलांकडे धावला. दोन दिवस इल्झेच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि माझ्याही.

तिसऱ्या दिवशी ग्रेडी दारातूनच म्हणाला, “पैसे घेतले नाहीत, सही केली नाही. काही होणार नाही!”

इल्झे हसता हसता रडली. त्याच्या बाहीला नाक पुसलं. त्याने बाही मागे घेतली नाही.

“मग आता आईचं काय?” तिने विचारलं.

“इथे नाही चालणार. पण नोव्हेंबरात तुमचा संघ बहामाला खेळायला जातोय ना? तिथे केलेलं काम या देशातलं धरत नाहीत.”

पुढचा महिनाभर दर मंगळवारी दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर कागद पसरून बसायचे. तिच्या देशातली लोकरी हातमोजे करणारी एक कंपनी बहामात तिचे जाहिरातीचे फोटो काढायला तयार झाली. काम परदेशात, कंपनी तिकडची, पैसे तिकडच्याच खात्यात... वकिलांनी एकेक ओळ तपासली. विद्यापीठाने करार वाचायला माणूस दिला, फोटोच्या दिवशी तिला सरावातून सुट्टी दिली, आणि बाकीच्या परदेशी खेळाडूंसाठीही हीच वाट उघडी ठेवली. हे सगळं ग्रेडीने वरच्यांच्या मागे लागून करून घेतलं.

“इतकं का करतोस?” एकदा तिने विचारलं.

“नोकरी आहे.”

“नोकरीत माझी कॉफी किती गोड लागते तेही पाठ करावं लागतं?”

तो कागदात डोकं घालून बसला.

बहामाहून तिने फोटो पाठवला. निळा समुद्र, रणरणतं ऊन, घामाने निथळणारी इल्झे आणि हातात जाडजूड लोकरी हातमोजे. ग्रेडी तो फोटो बघून इतका हसला की कॉफी सांडली. मग बराच वेळ नुसताच बघत राहिला.

जानेवारीत आईचं तिकीट निघालं. त्या मंगळवारी तो मान खाली घालून म्हणाला, “आजपासून तुझी फाइल आमच्या ऑफिसातल्या ओडेटबाई बघतील.”

“का? माझं काय चुकलं?”

“काही नाही. फाइल माझ्याकडे असली की तुला... जेवायला चल म्हणता येत नाही. नियम आहे.”

इल्झे त्याच्याकडे बघतच राहिली. “मग तीन महिने काय करत होतास?”

“तिकिटाचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचा धीर झाला नाही.”

तिने टेबलावरून हात पुढे केला. “विचार की मग.”

“जेवायला येशील?”

“भूक लागलीये. ऑक्टोबरपासून.”

मी भट्टीकडे तोंड फिरवलं. लोरीन असती तर तिने मला कोपराने ढोसलं असतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी इल्झे आईचा हात धरून मैदानावर आली. आई तिच्या खांद्याएवढी, फुलं कवटाळून, भोवतीच्या गर्जनेने बावरलेली. त्या दिवशी इल्झेने अठरा गुण केले. प्रत्येक वेळी ती आधी आईकडे बघायची, मग तिसऱ्या रांगेतल्या चष्म्याकडे.

सामन्यानंतर तिघं दुकानात आली. आईने ग्रेडीच्या हातात स्वतः विणलेले हातमोजे घातले. नीट बसले.

“मिस्टर डेलमार, आमचा एक फोटो काढा ना,” इल्झे म्हणाली. “पण कुठे टाकू नका हं!”

नाही टाकला. घरी स्वयंपाकघरात, लोरीनच्या फोटोशेजारी लावलाय.